नूलाचं सातवं कडवं

ही गोष्ट खरी आहे.

नसेल ठेवायचा विश्वास तर नका ठेवू. मीही ठेवला नसता. एनिस गावच्या इस्पितळात मी सतरा वर्षं नर्स आहे. गेलेल्या माणसांचे डोळे मी माझ्या हाताने मिटलेत. त्यातलं एकही परत उठून बसलेलं मी पाहिलेलं नाही.

पण हे मला फिडेल्माने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. फिडेल्मा माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत. ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. त्या दिवशी नाही झाले.

आणि शेवटचा भाग तर माझ्यासमोरच घडला.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा गुरुवार. दुपारचे पावणेतीन. क्लेअरच्या किनाऱ्यावर कॅरिगबानचा कडा. लख्ख ऊन पडलं होतं. इकडे असं ऊन पडलं की लोक आठवडाभर त्याच्याबद्दल बोलतात.

बसमध्ये बावीस प्रवासी होते.

बस फिडेल्माच्या नवऱ्याची, डोनलची. पाच दिवसांची सहल. डब्लिनला माणसं घ्यायची, शहर दाखवायचं, मग गॉलवे, क्लेअरचे कडे, डिंगलचा किनारा, कॉर्क, आणि परत. डोनल गाडी चालवतो. त्याची बायको माइकवर माहिती सांगते.

बारा वर्षं ती बायको नूला होती.

मग एका फेब्रुवारीत नूला गेली. मेंदूत रक्तस्राव. सकाळी होती, दुपारी नव्हती. त्यानंतर दोन वर्षांनी डोनलने फिडेल्माशी लग्न केलं. ती तेव्हा पर्यटकांच्या माहिती केंद्रात नोकरीला होती. सगळ्या किल्ल्यांचा, मठांचा इतिहास तिला तोंडपाठ. नूलापेक्षा ती कितीतरी चांगली गाइड.

प्रवासी हे म्हणायचे. वाटेवरचे लोक म्हणायचे नाहीत.

सहलीच्या वाटेवर जिथे जिथे बस थांबे, तिथे तिथे आधीपासून नूला हजर असायची. नूला अशी हसायची. नूला अशी चालायची. नूला एकदा त्या बोकडाला काय म्हणाली, ऐकलंय का? फिडेल्माने ऐकलेलं असायचं. अकरा वेळा ऐकलेलं असायचं.

कड्यावर ब्रायडी हॅनरहान नावाच्या म्हातारीचं चहाचं दुकान आहे. ती फिडेल्माच्या चहात न विचारता दोन चमचे साखर घालायची. कारण नूलाला दोन लागायची. फिडेल्मा बिनसाखरेचा पिते. दोन वर्षं ती तो गोड चहा गिळत होती.

"सांगायचं ना तिला," मी म्हणायचे.

"सांगितलं. ती म्हणाली, अय्या, हो का? आणि पुढच्या खेपेला परत दोन."

आपल्याकडे अशा बाईला सवत म्हणतात, हे मीच तिला शिकवलं. तिला तो शब्द फार आवडला. पण सवत जिवंत असली तर तिच्याशी भांडता तरी येतं. ही तर वर जाऊन बसली होती, आणि वर गेलेल्या माणसाने कधी भाजी करपवलेली नसते.

डोनलचा तसा काही दोष नव्हता. त्याने नूलाचे फोटो स्वतः काढून ठेवले. कपडे देऊन टाकले. तिचं नावसुद्धा घेत नसे.

फक्त एक सवय राहिली होती.

प्रवासी मोजून झाले की नूला आपल्या अंगठीने बसच्या पुढच्या फळीवर दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे सगळे आले, चल. की डोनल गाडी सोडायचा.

फिडेल्मा वाजवायची नाही. ती माणसं मोजायची, दाराजवळच्या गाइडच्या खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, "चल."

आणि डोनल थांबायचा…

जरासाच. हात गिअरवर, नजर समोर, कान कशाकडे तरी.

"तीन सेकंद," फिडेल्मा मला म्हणाली होती. "मी मोजलंय. दिवसातून वीस वेळा तीन सेकंद तो तिच्याकडे असतो, शुभा. माझ्या शेजारी बसून."

तिला फक्त एवढंच हवं होतं. ते तीन सेकंद.

आता गाण्याचं सांगते.

तिकडे कॅरिगबानच्या बाजूला प्रत्येक माणसाचं एक गाणं असतं. लग्नात, पबमध्ये, मयताच्या घरी, चार माणसं जमली की एकेकाचं नाव पुकारतात आणि ज्याने त्याने आपापलं गाणं म्हणायचं. दुसऱ्याचं म्हणायचं नाही. पाठ असलं तरी नाही. माणूस गेला की त्याचं गाणं तसंच पडून राहतं. घरातल्या कुणाला ते पुढे म्हणायचं असेल, तर आधी थडग्यापाशी जाऊन विचारून यावं लागतं.

फिडेल्मा याच मातीतली. तिला हे लहानपणापासून ठाऊक.

तिचं स्वतःचं गाणं अगदी साधं होतं. एक गाढव दर रविवारी चर्चच्या दारात आडवं पडतं, आणि पाद्रीबुवांना आत जाता येत नाही. माझ्या मुलीला ते इतकं आवडायचं की फिडेल्मा घरी आली की "गाढव! गाढव!" सुरू व्हायचं.

नूलाचं गाणं वेगळं होतं. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं. कड्यावर बस थांबली, इंजिन बंद झालं, की ती माइक घेऊन ते म्हणायची. सहा कडवी. गाणं मुळात सातांचं. पण सातवं तिने कधीच कुणापुढे म्हटलं नाही. डोनलपुढेही नाही.

"ते तुला नंतर ऐकवीन," त्याला म्हणायची.

त्या गुरुवारी ब्रायडीच्या दुकानात बावीस जण माशांचं सूप पीत बसले होते. त्यांत बॉस्टनहून आलेला एक म्हातारा होता. सात वर्षांपूर्वी तो याच सहलीला येऊन गेला होता.

"ते गाणं कधी आहे?" त्याने विचारलं. "माझी बायको मरेपर्यंत त्या गाण्याची आठवण काढायची हो."

ब्रायडीने सुपाचा डाव खाली ठेवला. "बाबा रे, ती गेली. तसा गळा आता कुठला? देवाने एकच केला होता, तोही परत नेला." आणि फिडेल्मापुढे चहा सरकवत म्हणाली, "घे गं. दोन साखर घातलीय."

फिडेल्मा हसली. आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

म्हाताऱ्याने डोनलकडे पाहिलं. "दुसरं कुणी म्हणत नाही का ते?"

"नाही," डोनल म्हणाला. "ते कुणी म्हणायचं नाही."

"माझंही एक गाणं आहे," फिडेल्मा म्हणाली.

डोनल हसला. वाईट मनाने नाही. "गाढवाचं ना? म्हण की बसमध्ये. मजा येईल लोकांना."

"अगं बाई, गाढव!" ब्रायडी पदर... आमच्याकडचा पदर नव्हे, ॲप्रन तोंडाला लावून खुसुखुसु हसली.

फिडेल्माने तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

आणि ती बसमध्ये जाऊन उभी राहिली.

कुणाला ठाऊक नव्हतं, पण नूलाची सहाही कडवी तिला पाठ होती. डोनलच्या जुन्या फोनमध्ये नूलाचा आवाज होता. तो फोन घरातल्या एका खणात असायचा. अख्खा हिवाळा, डोनल गॅरेजमध्ये गेला की ती ते ऐकायची आणि म्हणायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मला वाटायचं, रेडिओ असेल.

म्हणायचा बेत नव्हता, असं ती सांगते. नुसतं आपल्याला येतं, एवढंच समाधान हवं होतं.

तिने माणसं मोजली. बावीस. खुर्चीवर बसली. "चल," म्हणाली.

डोनल थांबला…

एक. दोन. तीन.

बस्स. तिथेच तिचं डोकं फिरलं.

ती उठली. माइक दोन्ही हातांत धरला. आणि तिने नूलाचं गाणं सुरू केलं.

डोनलचा हात गिअरवरच राहिला. तो वळला नाही. समोरच्या आरशात त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

पहिलं कडवं. आवाज छान लागला. इतका छान की तिलाच नवल वाटलं.

दुसरं.

तिसऱ्या कडव्यात तिचं लक्ष माइककडे गेलं. त्यावर एक लाल दिवा आहे. माइक चालू असला की तो लागतो.

दिवा बंद होता…

तिने बटण दाबलंच नव्हतं. पण आवाज मागच्या स्पीकरांतून येत होता.

तिने गाणं थांबवायला हवं होतं. पण आरशात डोनल रडत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याकडे असा बघत होता. कुणी थांबलं असतं? मी नसते थांबले.

चौथं. पाचवं.

मग वास आला…

लवंगेचा.

इकडे लवंगेच्या लाल गोळ्या मिळतात. नूला गळ्यासाठी दिवसभर त्या चघळायची. फिडेल्माला तो वास सहन होत नाही. लग्नानंतर तिने सगळी बस साबणाने धुऊन काढली होती.

सहावं कडवं संपलं. फिडेल्माने माइक खाली घेतला. तोंड मिटायला गेली.

मिटेना.

तिच्या तोंडून सातवं कडवं निघालं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

होडी आली नाही, आता मीच येते,
पाण्यातून चालत तुझ्या दारी येते.
दार लावू नको, दिवा विझवू नको,
माझ्या जागेवरती तिला बसवू नको.

बसमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर समुद्राचा आवाज यायला हवा होता. तोही येत नव्हता.

दार उघडंच होतं. दारात ब्रायडी उभी होती. हातात सुपाचा डाव.

"कुणाला विचारून म्हटलंस?"

"मी बायको आहे त्याची," फिडेल्मा म्हणाली. "घरातली आहे मी. मला कुणाला विचारायची गरज नाही."

"अगं पोरी, आम्हाला नाही गं… तिला विचारलंस का?"

ब्रायडीची नजर फिडेल्मावरून सरकून खाली गेली, तिच्या मागे. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. तिने छातीवर क्रूस काढला आणि पाठ न वळवता मागे मागे गेली.

मग आवाज आला…

टक. टक.

बसच्या फळीवर. अंगठीचा.

फिडेल्माचे दोन्ही हात माइकवर होते.

डोनलने गाडी सोडली. एक सेकंदही थांबला नाही.

ती वळली. गाइडची ती खुर्ची घडीची आहे, स्प्रिंगवाली. माणूस उठला की फटकन वर जाते.

खुर्ची खालीच होती…

फिडेल्माने हात लावून पाहिला. खुर्ची गरम होती.

किलिमरच्या फेरीबोटीपर्यंत ती उभीच राहिली. दांडा धरून. बोटीवर बॉस्टनचा म्हातारा जवळ आला, डोळे पुसत म्हणाला, "फार उपकार झाले. तुम्ही दोघी किती सुरेख गायलात!"

दोघी.

त्यानंतर डोनल पार बदलला. मीही पाहत होते. माणूस शीळ घालत अंगणात फिरायचा. बायकोचा हात हातात घेऊन दुकानात जायचा. सकाळी तिला चहा नेऊन द्यायचा. मला तर बरं वाटलं. म्हटलं, चला, लागली एकदाची गाडी रुळावर.

एक दिवस कुंपणापाशी मी तिला चिडवलं, "काय गं, नवरा अगदी मागे मागे असतो हल्ली!"

ती हसली नाही.

"शुभा, तो माझ्याकडे असा बघतो ना… तेव्हा मलाच माझा हेवा वाटतो. पोटात आग पडते. मी इथे आत बसून बघत असते, आणि तो तिच्याशी गोड बोलत असतो. माझ्या तोंडाकडे बघून."

मला वाटलं, थकलीय. मी तिला झोपेची गोळी घे म्हणून सांगितलं. सतरा वर्षांची नर्स, दुसरं काय सुचणार?

दर सहलीला कड्यावर डोनल इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, "म्हण." ती म्हणायची. सातही कडवी. खुर्चीवर ती कधीच बसत नसे.

जूनच्या शेवटी तिने ठरवलं, आज नाही. काही झालं तरी नाही. बस थांबली. डोनल म्हणाला, "म्हण." तिने ओठ घट्ट आवळले. दात रुतून रक्त आलं इतके. माइक खाली ठेवला. हात मागे बांधून उभी राहिली.

गाणं झालं…

सातही कडवी. मागच्या स्पीकरांतून.

डोनलने तिचा खांदा दाबला. "आज तर फारच छान म्हटलंस."

त्याला तिच्या ओठांवरचं रक्त दिसलं नाही.

हे सगळं तिने मला सप्टेंबरमध्ये सांगितलं. रविवार होता, सकाळचे अकरा. ती थेट थडग्याकडून माझ्याकडे आली होती. बुटांना ओली माती. ब्रायडीनेच तिला पाठवलं होतं. जा, माफी माग, गाणं परत कर.

ती टेबलाशी बसली आणि वर लिहिलंय ते सगळं, एका दमात, सांगितलं. मध्ये एकदाही रडली नाही.

"मग आज तिथे काय झालं?" मी विचारलं.

"मी तिला म्हटलं, तुझं गाणं घे. माझी चूक झाली. तुझं ते सगळं घे आणि मला सोड."

"मग?"

"मग वारा थांबला. लवंगेचा वास आला." ती जरा घुटमळली. "आणि मला एकदम हलकं वाटलं. काहीतरी अंगावरून काढून घेतल्यासारखं."

"सुटलीस!" मी म्हटलं. माझा जीव खरंच भांड्यात पडला. मी चहा ओतला. तिच्यापुढे कप ठेवला आणि दूध आणायला वळले. परत आले तर ती चमचा हलवत होती.

साखरेच्या डब्याचं झाकण उघडं होतं.

घाबरलेलं माणूस घेतं कधी कधी साखर, मीच रोग्यांना देते की. पण मी त्या उघड्या झाकणाकडेच बघत राहिले. काहीतरी बोलावं, हसावं, म्हणून मी ते गाढवाचं गाणं गुणगुणायला लागले. रविवार, चर्चचं दार, आडवं पडलेलं गाढव. तिने ते माझ्या याच स्वयंपाकघरात शंभरदा म्हटलं असेल, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन.

तिने मान तिरकी करून ऐकलं. छान हसली.

"गोड आहे गं," ती म्हणाली. "कुणाचं हे?"

मी तिच्या कानांकडे पाहिलं. पांढरे होते. अगदी पांढरे. ती खोटं बोलत नव्हती.

बाहेर डोनलने हॉर्न वाजवला. ती उठली. चहा सगळा संपवला होता. जाताना दारात थांबली, माझ्याकडे बघून हसली, आणि चौकटीवर अंगठीने वाजवलं.

टक. टक.

बाहेर गाडी लगेच सुरू झाली.

आता वर्ष होत आलं. दोघं सुखात आहेत. वाटेवरची माणसं खूश आहेत, सहलीच्या सगळ्या तारखा भरलेल्या असतात, आणि कड्यावर ब्रायडीच्या हातचा चहा ती आवडीने पिते. भिंतीपलीकडून मला रोज गाणं ऐकू येतं. सातही कडवी. आता मला रेडिओ वाटत नाही.

परवा माझी मुलगी अंघोळ करताना ते गाढवाचं गाणं म्हणत होती. मी धावत जाऊन तिला गप्प केलं. ती रडकुंडीला आली. "का नाही म्हणायचं?"

कारण ते फिडेल्माचं आहे. तिला विचारल्याशिवाय ते म्हणायचं नाही.

आणि मला कळत नाही, तिला विचारायला जायचं कुठे?